बेचाळिशीतला फ्रेशर

लेफ्टनंट कर्नलची रँक सोडली, एअरलाइनची नोकरी बाजूला ठेवली आणि एक माणूस पुन्हा खालच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. कशासाठी? तर हेलिकॉप्टर उडवायचं म्हणून! पुढे त्याच हेलिकॉप्टरमधून त्यानं साडेपाच हजारांहून जास्त जखमींना लढाईच्या तोंडातून बाहेर काढलं. मायकेल नोव्होसेल हे त्याचं नाव. ओळख करून घ्याच!

दोस्तांनो, करिअर म्हटलं की आपल्या डोक्यात एक शिडी उभी राहते. आधी डिग्री, मग प्लेसमेंट, मग प्रमोशन, मग त्याहून मोठी केबिन. शिडीवर फक्त चढायचं असतं, हे आपल्याला घरी, दारी, कॉलेजात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवलं जातं. पण पाच-सहा पायऱ्या चढून गेलेला माणूस आपल्या मर्जीनं खाली उतरला तर? डोकं फिरलंय याचं, असंच म्हणतील ना लोक?

१९६४ मध्ये अमेरिकेत एका माणसानं नेमकं हेच केलं. वय बेचाळिशीला टेकलेलं. घरी बायको, मुलं. हाताशी प्रवासी विमानाच्या पायलटची नोकरी. वायुदलाच्या राखीव दलात लेफ्टनंट कर्नलची रँक, म्हणजे समोरच्यानं कडक सॅल्यूट ठोकावा अशी. हे सगळं असताना त्यानं ती रँक परत केली आणि आर्मीत वॉरंट ऑफिसर म्हणून भरती झाला. ज्यांना काल तो ऑर्डर देऊ शकला असता, त्यांना आता यानं सॅल्यूट ठोकायचा.

हा सौदा त्यानं का केला, ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

तेविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी

मायकेलचा जन्म ३ सप्टेंबर १९२२ चा. पेनसिल्व्हेनिया राज्यातलं एटना हे त्याचं गाव. पिट्सबर्गच्या जवळचं, पोलाद कारखान्यांच्या पट्ट्यातलं. आईवडील क्रोएशियातून पोटासाठी अमेरिकेत आलेले. वशिला नाही, घरात कुणी फौजी अधिकारी नाही. तो वाढला तो काळही महामंदीचा. त्या वेळी अमेरिकेत धडधाकट माणसांना काम मिळत नव्हतं, तिथे स्थलांतरितांच्या पोरांनी विमान उडवायची स्वप्नं बघणं म्हणजे जरा जास्तच झालं.

पण यानं बघितली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो आर्मी एअर कोअरमध्ये कॅडेट म्हणून दाखल झाला. अजून दहा महिन्यांनी जपान पर्ल हार्बरवर हल्ला करणार होता आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरणार होती. म्हणजे युद्ध आलं म्हणून हा फौजेत गेला असं नव्हतं. त्याला उडायचं होतं. युद्ध मागून आलं.

पुढच्या चार वर्षांत पोरगा थेट बी-२९ सुपरफोर्ट्रेसच्या कॉकपिटमध्ये पोचला. चार इंजिनांचं, त्या काळातलं सगळ्यात प्रगत बॉम्बर. अकरा जणांचा क्रू आणि तासन् तास पॅसिफिक महासागरावरून उड्डाण. १९४५ च्या ऑगस्टमध्ये युद्ध संपत आलं तेव्हा तो कॅप्टन झालेला होता.

२ सप्टेंबर १९४५. टोकियोच्या उपसागरात मिझुरी या युद्धनौकेवर जपाननं शरणागतीच्या कागदांवर सह्या केल्या. त्या वेळी शेकडो विमानांनी डोक्यावरून फ्लायपास्ट केला. त्यातल्या एका बी-२९ चा पायलट होता मायकेल नोव्होसेल. दुसऱ्या दिवशी त्याला तेवीस वर्षं पूर्ण होणार होती!

आता जरा आपल्याकडे बघा. बावीस-तेवीस म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांचं शेवटचं सेमिस्टर नाहीतर पहिली इंटर्नशिप. त्या वयात या माणसानं एक महायुद्ध संपताना वरून पाहिलं. इथेच गोष्ट संपली असती तरी नातवंडांना सांगायला भरपूर होती.

मधली वर्षं

युद्ध संपलं की फौजेला एवढ्या पायलटांची गरज उरत नाही. १९४९ मध्ये मायकेलनं वायुदलाची नोकरी सोडली आणि फ्लोरिडात फोर्ट वॉल्टन या गावात बायको-मुलांना घेऊन स्थायिक झाला. तिथे त्यानं चक्क रेस्टॉरंट काढलं. काल बॉम्बर उडवणारा माणूस आज गल्ल्यावर. मात्र राखीव दलातलं नाव त्यानं काढलं नव्हतं. कोरियाच्या युद्धाच्या काळात तो पुन्हा फौजेत गेला, १९५३ मध्ये पुन्हा बाहेर पडला. १९५५ मध्ये राखीव दलातच त्याला लेफ्टनंट कर्नलची बढती मिळाली. पुढे तो सदर्न एअरवेज या कंपनीत प्रवासी विमानं उडवू लागला.

एकूण काय, गाडी रुळावर होती. पगार, प्रतिष्ठा, घरदार, सगळं जागेवर. आपल्याकडे अशा माणसाला सेटल झालेला म्हणतात.

मग आला १९६३-६४ चा काळ. व्हिएतनाममध्ये अमेरिकेचा पाय दिवसेंदिवस खोल रुतत चालला होता. राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली होती आणि सगळा देश हादरलेला होता. आपण पुन्हा वर्दीत जायला हवं, असं मायकेलनं ठरवलं. तो वायुदलाकडे गेला. वायुदलानं त्याला नाही म्हटलं. वय जास्त, रँक मोठी. वरच्या हुद्द्यावरचे अधिकारी आधीच भरपूर होते, आणखी एका लेफ्टनंट कर्नलला बसवायला खुर्ची नव्हती.

वयोमर्यादा म्हणजे काय हे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको. अटेम्प्ट आणि वय यांचा हिशोब घालत बसणारे मित्र आपल्या प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये आहेत. फरक एवढाच, की मायकेलला दार बंद झाल्यावर रडत बसायची गरजसुद्धा नव्हती. परत जाऊन विमान उडवायचं, पगार घ्यायचा, बस्स.

त्यानं दुसरं दार शोधलं.

खालची पायरी

त्या काळात अमेरिकन आर्मीला हेलिकॉप्टर पायलट हवे होते, खूप हवे होते. व्हिएतनाममध्ये रस्ते कमी, जंगल, डोंगर आणि पाणथळ जमीन जास्त. सैनिक न्यायचे, दारूगोळा पोचवायचा, जखमींना आणायचं, सगळं हेलिकॉप्टरवर. आर्मीतले हे पायलट बहुतेक करून वॉरंट ऑफिसर असायचे. जवान आणि कमिशन्ड ऑफिसर यांच्या मधली ही पायरी. हातातल्या कामात तरबेज असणाऱ्यांची. हुकूम चालवायची हौस असेल तर त्यांनी इकडे फिरकू नये.

मायकेलला मिळालेली पोस्टिंगसुद्धा साधी नव्हती. तो आर्मीच्या स्पेशल फोर्सेसच्या हवाई विभागात गेला. स्पेशल फोर्सेस म्हणजे हिरव्या टोपीवाले. मोजकी माणसं, आडबाजूच्या जागा, जवळपास मदत नाही अशा ठिकाणची कामं. त्यांना घेऊन जाणाऱ्या पायलटला धावपट्टी मिळेल, दिवा मिळेल याची खात्री नसते.

शिवाय हेलिकॉप्टर म्हणजे विमानाची धाकटी बहीण नव्हे. विमान वेगात असलं की पंखांवर तरंगतं. हेलिकॉप्टरला पायलटच्या हातापायांनी क्षणोक्षणी तोलावं लागतं. डाव्या हातातल्या दांड्यानं वरखाली व्हायचं, उजव्या हातातल्या दांड्यानं पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकायचं आणि पायातल्या पेडलनी नाक कुठल्या दिशेला ठेवायचं ते ठरवायचं. यातलं एक हललं की बाकीची दोन जुळवून घ्यावी लागतात. एका जागी हवेत स्थिर उभं राहणं, म्हणजे हॉव्हर करणं, हे बघायला सगळ्यात सोपं आणि करायला सगळ्यात अवघड. हा सगळा प्रकार जिथे विशीतली पोरं आत्मसात करत होती, तिथे तोच धडा बी-२९ चा हा जुना कॅप्टन गिरवत होता.

डस्टऑफ

व्हिएतनाममध्ये मायकेलच्या वाट्याला काम आलं ते जखमींना आणणाऱ्या हेलिकॉप्टरचं. या हेलिकॉप्टरांचा रेडिओवरचा परवलीचा शब्द होता डस्टऑफ. हेलिकॉप्टर होतं ह्युई. युद्धाच्या सिनेमात भाताच्या खाचरांवरून फटफट आवाज करत जाणारं दिसतं ना, तेच. दारावर आणि नाकावर लाल क्रॉस. बंदुका बसवलेल्या नाहीत. आत चारच माणसं: दोन पायलट, एक क्रू चीफ आणि एक मेडिक, म्हणजे प्राथमिक उपचार करणारा सैनिक.

या कामाची शिस्त घालून दिली ती चार्ल्स केली नावाच्या मेजरनं. जखमींच्या हेलिकॉप्टरांवरचे लाल क्रॉस काढून ती इतर कामांनाही वापरावीत असा विचार वरच्या पातळीवर चालू होता, त्याला केलीनं कडाडून विरोध केला. १ जुलै १९६४ रोजी जखमींना उचलायला तो खाली उतरला. गोळीबार चालू होता. जमिनीवरून त्याला निघून जायला सांगितलं गेलं. जखमी आत आल्याशिवाय हलणार नाही, असं त्यानं कळवलं आणि काही क्षणात गोळी लागून तो गेला. त्यानंतर डस्टऑफमधल्या प्रत्येक पायलटच्या मानेवर केलीचं हे उदाहरण बसलेलं असायचं. मायकेल आर्मीत आला तोही याच वर्षी.

जखमी माणसाचा जीव घड्याळावर अवलंबून असतो. तासाभरात ऑपरेशन टेबलवर पोचला तर वाचायची शक्यता कितीतरी वाढते. आज आपल्याकडे अपघातानंतर ज्याला गोल्डन अवर म्हणतात तेच. व्हिएतनामच्या चिखलात तो तास वाचवायचं साधन एकच होतं, ह्युई.

१९६६ मध्ये पहिली टूर झाली. ती आटोपून मायकेल घरी आला. आता पुन्हा एअरलाइनमध्ये जायचं असा बेत होता. पण मेडिकलमध्ये डोळ्यांना काचबिंदू असल्याचं निघालं. प्रवासी विमानाच्या पायलटसाठी हा विषय संपला. एअरलाइनचं दार बंद! म्हणजे एकदा वयानं अडवलं, आता डोळ्यांनी.

इथे आर्मी कामी आली. आर्मीनं सवलत देऊन त्याला उडायची परवानगी कायम ठेवली. आणि १९६९ मध्ये हा गडी दुसऱ्यांदा व्हिएतनामला गेला. मेकाँग नदीच्या खोऱ्यात, ८२ व्या मेडिकल डिटॅचमेंटमध्ये. वय ४६. त्याच्या आजूबाजूचे बरेचसे पायलट त्याच्या मुलाच्या वयाचे होते.

२ ऑक्टोबर १९६९

आपल्याकडे त्या दिवशी गांधीजींची जन्मशताब्दी साजरी होत होती. तिकडे कंबोडियाच्या सीमेजवळ, किएन तुओंग प्रांतात दक्षिण व्हिएतनामच्या सैनिकांची एक तुकडी शत्रूच्या प्रशिक्षण तळाजवळ अडकली होती. चोहीकडे बंकर, मशीनगन. माणसं जखमी होऊन उंच गवतात विखुरलेली. त्यांच्याशी रेडिओचा संपर्क पूर्ण तुटलेला.

मायकेलनं त्या दिवशी आधीच कित्येक तास उड्डाण केलं होतं. तरी कॉल आल्यावर तो निघाला. सोबत संरक्षणाला एकही सशस्त्र हेलिकॉप्टर नव्हतं. खाली कोण कुठे आहे, माहीत नाही. रेडिओवर विचारावं तर उत्तर द्यायला कुणी नाही.

मग शोधायचं कसं? त्यानं जो मार्ग काढला तो ऐकायला वेडेपणाचा वाटेल. त्यानं हेलिकॉप्टर खाली आणलं आणि गोळीबारातच त्या भागावर घिरट्या घालायला सुरुवात केली. मुद्दाम, दिसावं म्हणून. गवतात लपलेल्या माणसांना कळलं, की हे आपल्याला न्यायला आलंय. एकेक जण उठून मोकळ्या जागेकडे सरकायला लागला. अर्थात, आपल्या माणसांना जे दिसत होतं ते शत्रूलाही दिसतच होतं.

सहा वेळा गोळीबार इतका वाढला की त्याला बाहेर पडावं लागलं. सहाही वेळा तो वळसा घालून दुसऱ्या दिशेनं परत आत शिरला. जमिनीलगत थांबायचं, दारातून हात पुढे करून माणसाला आत ओढायचं, निघायचं. पुन्हा यायचं.

शेवटी शेवटी एक जखमी सैनिक दिसला. पडला होता कुठे, तर शत्रूच्या बंकरच्या अगदी जवळ. तिकडे जाणं म्हणजे बंदुकीच्या नळीसमोर जाऊन उभं राहणं. मायकेलनं हेलिकॉप्टर वळवलं आणि हॉव्हर करत मागे मागे न्यायला लागला. रिव्हर्समध्ये! शेपटीची बाजू शत्रूकडे राहिली तर पुढच्यांना इंजिनचा आणि धडाचा थोडा तरी आडोसा मिळतो. पण हेलिकॉप्टरला मागचं दाखवणारा आरसा नसतो. दारात उभ्या असलेल्या क्रूच्या भरवशावर, इंच इंच मागे.

सैनिक आत ओढला जात असतानाच बंकरमधून स्वयंचलित बंदुका सुरू झाल्या. अंतर काहीच नव्हतं. हेलिकॉप्टरला गोळ्या लागल्या, मायकेल स्वतः जखमी झाला. क्षणभर ताबा सुटला. पुढच्याच क्षणी त्यानं तो परत मिळवला आणि गोळ्यांच्या वर्षावातून बाहेर पडला.

हिशोब असा: एका दिवशी १५ वेळा त्या आगीत उतरून २९ माणसं वाचवली. त्या वेळी मायकेल ४७ वर्षांचा होता. आणि तो एकटा नव्हता. दुसरा पायलट, क्रू चीफ आणि मेडिक हे तिघेही त्या पंधराच्या पंधरा वेळा त्याच हेलिकॉप्टरमध्ये होते.

ते युद्ध आणि ती माणसं

इथे थोडं थांबू या. कारण तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, व्हिएतनाम युद्धाचं काय कौतुक करायचं?

प्रश्न अगदी बरोबर आहे. या प्रसंगानंतर तेराच दिवसांनी, १५ ऑक्टोबर १९६९ रोजी, त्या युद्धाच्या विरोधात अमेरिकाभर लाखो लोक रस्त्यावर उतरले. त्यात कॉलेजची पोरंपोरी मोठ्या संख्येनं होती, तुमच्या-माझ्या वयाची. त्या युद्धात अमेरिकेचे ५८ हजारांहून जास्त सैनिक मारले गेले आणि व्हिएतनामी माणसं तर लाखोंनी गेली. आज त्याचा इतिहास वाचताना त्या आंदोलकांचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे.

पण म्हणून गवतात पडलेल्या माणसाचं रक्त वाहायचं थांबत नाही. युद्ध कुणी सुरू केलं, ते बरोबर की चूक, हा वाद राजधानीत चालतो. खाली चिखलात पोटाला गोळी लागलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा असतो आणि त्याच्याकडे एक तास असतो. डस्टऑफची हेलिकॉप्टरं अमेरिकन सैनिकांना आणायची, दक्षिण व्हिएतनामी सैनिकांना आणायची, गावातल्या साध्या माणसांना आणायची. प्रसंगी जखमी शत्रूलाही आणायची. त्या दिवशीचे ते २९ जण व्हिएतनामीच होते. मायकेलला त्यांची भाषा येत नव्हती, रेडिओ बंद असल्यानं त्यांच्याशी बोलताही येत नव्हतं. तरी तो पंधरा वेळा गेला.

विशीत हाच माणूस बॉम्बर चालवत होता, हेही लक्षात ठेवा. बॉम्बरचा पायलट हजारो फुटांवरून बॉम्ब टाकतो, खाली काय झालं ते त्याला जवळून दिसत नाही. चाळिशीत त्यानं निवडलेल्या कामात माणूस हाताच्या अंतरावर होता, त्याचं विव्हळणं ऐकू येत होतं. एकाच आयुष्यात ही दोन टोकं गाठणारे पायलट फार नसतील.

बाप आणि लेक

आता सिनेमात दाखवलं तर आपण जास्तच फिल्मी आहे म्हणू असा भाग. मायकेलचा मुलगा, त्याचंही नाव मायकेल, तोही आर्मीत हेलिकॉप्टर पायलट झाला. आणि त्याची पोस्टिंग झाली व्हिएतनाममध्ये, वडिलांच्याच ८२ व्या डिटॅचमेंटमध्ये! बापलेक एकाच युनिटमध्ये, एकच काम करत.

१९७० मध्ये मुलाचं हेलिकॉप्टर खाली पडलं. त्याला उचलायला गेले वडील. त्यानंतर आठवडाही झाला नसेल, वडिलांचं हेलिकॉप्टर पडलं. त्यांना उचलायला गेला मुलगा. फिट्टमफाट!

हसू येतं, पण त्या घरातल्या आईचा विचार करा. नवरा आणि मुलगा, दोघंही रोज त्याच आभाळात. या गोष्टीत तिला पदक मिळाल्याचा उल्लेख कुठे नाही.

आकडे आणि पाट्या

व्हिएतनाममधल्या दोन टूर मिळून मायकेल नोव्होसेलनं २,५४३ मिशन केली आणि ५,५८९ जखमींना बाहेर काढलं. एका मध्यम आकाराच्या कॉलेजची सगळी पटसंख्या डोळ्यांसमोर आणा, साधारण तेवढी माणसं.

१५ जून १९७१ रोजी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी त्याला मेडल ऑफ ऑनर दिलं. आपल्याकडे जसं परमवीर चक्र, तसा हा अमेरिकेतला शौर्याचा सर्वोच्च सन्मान.

एवढं झाल्यावर कुणीही घरी बसला असता. हा बसला नाही. १९८५ पर्यंत, म्हणजे साठी उलटल्यावरही, तो वर्दीत होता आणि उडत होता. निवृत्त झाला तेव्हा दुसऱ्या महायुद्धात उडालेल्यांपैकी अमेरिकेच्या सेवेत अजूनही उडत असलेला तो शेवटचा पायलट होता. एकूण उड्डाण १२,४०० तास, त्यातले २,०३८ तास प्रत्यक्ष लढाईतले. काचबिंदूचं काय झालं, असं विचाराल तर तो होताच. औषध घ्यायचं आणि उडायचं. १९९९ मध्ये डस्टऑफ याच नावानं त्यानं आपलं आत्मचरित्र लिहिलं. २ एप्रिल २००६ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी तो गेला.

पुढचा किस्सा तर आपल्या काळातला आहे. अमेरिकन आर्मीचे हेलिकॉप्टर पायलट जिथे घडतात तो तळ अलाबामा राज्यात आहे. नाव फोर्ट रकर. हे रकर म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या बाजूनं लढलेले एक अधिकारी. अशी नावं बदलायची ठरल्यावर एप्रिल २०२३ मध्ये तळाचं नाव फोर्ट नोव्होसेल झालं. पण २०२५ मध्ये सरकार बदललं आणि पाटीवर पुन्हा रकर आलं. या वेळी सांगण्यात आलं, की हे रकर वेगळे, पहिल्या महायुद्धातले पायलट. दोनेक वर्षांत पाटी लागली आणि उतरलीसुद्धा.

नामांतराचे वाद आपल्याला नवीन नाहीत. पण जरा विचार करा, ज्यानं लेफ्टनंट कर्नलची पाटी आपल्या हातानं उतरवून ठेवली होती, त्याला या पाटीचं किती वाईट वाटलं असतं?

आणि आपण?

लगेच रँक सोडा, नोकऱ्या सोडा असं सांगायला हे लिहिलेलं नाही. सोडायला आपल्याकडे अजून आहे तरी काय म्हणा! शिवाय खाली उतरणं त्याला परवडलं, कारण त्याच्या हातात वीस-बावीस वर्षांचं पक्कं कौशल्य होतं. रँक गेली तरी उडता येत होतं. हे आधी कमवावं लागतं आणि त्याला शॉर्टकट नाही.

पण इंटरव्ह्यूला जाताना, फॉर्म भरताना, किंवा मित्राचं पॅकेज ऐकून पोटात गोळा आल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारून बघा. आपल्याला नक्की हवंय काय, ते काम की त्या कामाचा हुद्दा? दोन्ही एकत्र मिळालं तर उत्तमच. पण एकच मिळणार असेल तर?

मायकेल नोव्होसेलला १९६४ मध्ये हा प्रश्न पडला, तेव्हा त्यानं काम उचललं. त्यानं तेव्हा हुद्दा धरून ठेवला असता, तर २ ऑक्टोबर १९६९ च्या दुपारी त्या गवतात पडलेल्या २९ जणांच्या डोक्यावर कोण घिरट्या घालत होतं असतं, कुणास ठाऊक.